ओसरीवरील गोष्टी : प्रस्थान

लांबच्या प्रवासाची आखणी ही घरातील माणसांची परीक्षा असते, असे आमचे मत हल्ली दृढ होऊ लागले आहे. एरवी वर्षानुवर्षे एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदणारी माणसे किती भिन्न प्रकृतीची आहेत, हे तीन प्रश्नांनी उघड होते. केव्हा निघावयाचे, कोणत्या वाटेने जावयाचे आणि वाटेत कोठे थांबावयाचे? कोणास वेळ वाचवावासा वाटतो, कोणास पैसा, तर कोणास गाठीला पुण्य बांधावेसे वाटते. आम्ही मुरबाडकर मंडळी गेले दोन महिने या परीक्षेस बसलो आहोत. तीत आम्हांस स्वतःला किती गुण मिळाले, ते लेखाच्या शेवटी वाचकांनीच ठरवावे. आयुष्यभर आम्ही इतरांस गुण दिले. आता आपली पाटी दुसऱ्यापुढे धरण्यास आमची हरकत नसावी.

प्रवास मुरबाडहून नागपूरचा. नागपुरास महालात आमच्या थोरल्या भगिनी, आक्का, राहतात. साठ वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन तिकडे गेल्या, त्या वेळी आम्ही आठ वर्षांचे होतो. आमच्या मातोश्री सदा आजारी, त्यामुळे आम्हांस न्हाऊमाखू घालणे, जेवू घालणे आणि पाटीवर ‘श्री’ गिरवून घेणे हे सर्व आक्कांकडे असे. पुढे आम्ही शाळामास्तर झालो व शेकडो मुलांचे हात धरून अक्षरे वळविली. परंतु ज्या हाताने आमचा हात धरला होता तो आक्कांचा, हे आम्ही कधी विसरलो नाही. आमचे वडील बंधू अण्णा यांचे वय आज चौऱ्याऐंशी, आक्कांचे एकोणऐंशी. या दोघा भावंडांची गाठ पडून सात वर्षे होऊन गेली.

सूज्ञ वाचक विचारतील की, आगगाडी असता मोटारीचा खटाटोप कशासाठी? त्याचे कारण असे की, चालत्या गाडीत तोल जाऊन अण्णा एकदा पडले आणि तेव्हापासून त्यांनी आगगाडीचे नाव टाकले. शिवाय वयोमानाप्रमाणे त्यांना दर दीड-दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावे लागतात. मोटार आपल्या सांगण्याने थांबते, आगगाडी थांबत नाही. म्हणून अण्णांना न्यावयाचे तर रस्त्यानेच, हे घरात फार पूर्वी ठरून गेले होते. निघावयाचे मात्र ठरले नव्हते, आणि आजच्या गोष्टीचे मर्म तेथेच आहे.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाची वार्ता आली तेव्हा आमच्या ओसरीवर आनंदीआनंद झाला. अमणे ते नागपूर ७०१ किलोमीटर, दहा जिल्ह्यांतून जाणारा सहापदरी रस्ता. आणि तो आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यातून जाणार! आमच्या सूनबाईंचे, म्हणजे थोरल्या पुतण्याच्या पत्नीचे, माहेर शहापूरचे. ‘आता नागपूर आमच्या माहेरच्या अंगणात आले’, असे त्या कौतुकाने म्हणत. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग खुला झाला. तेव्हाच जावयाचे, परंतु कोणी म्हणाले, ‘शिर्डीपर्यंत जुन्याच रस्त्याने धक्के खात जाण्यापेक्षा थोडे थांबू.’ २६ मे २०२३ रोजी तो भरवीरपर्यंत आला. ‘आता पाऊस तोंडावर आला आहे’, असे म्हणून आम्ही थांबलो. ४ मार्च २०२४ रोजी तो इगतपुरीस पोहोचला. ‘आता कसाऱ्याचा घाट तेवढा उरला, तोही होऊ द्या’, असे म्हणून पुन्हा थांबलो. अखेर ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते अमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा खुला झाला आणि रस्ता पूर्ण झाला.

इकडे रस्ता टप्प्याटप्प्याने पुढे सरकत होता आणि तिकडे आक्कांची दृष्टी टप्प्याटप्प्याने मागे जात होती. त्यांना काचबिंदू झाला आहे. हा रोग फार कावेबाज असतो. बहुधा तो दुखत नाही, खुपत नाही. समोरचे दिसते, परंतु बाजूचे हळूहळू दिसेनासे होते आणि माणसास ते पुष्कळ दिवस समजतही नाही. प्रथम आक्का दाराच्या चौकटीला धडकू लागल्या. घरच्यांनी ते वयावर घातले. मग ताटातील डावीकडची कोशिंबीर राहून जाऊ लागली. तेव्हा अन्नावरची वासना उडाली असेल असे सर्वांस वाटले. वैद्यांकडे नेले तोवर उशीर झाला होता. या रोगात गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाचे थेंब नेमाने घातल्यास उरलेली राखता येते, इतकेच. हा रोग भावंडांतही होण्याचा संभव अधिक, म्हणून आम्ही व अण्णांनी आपापले डोळे तपासून घेतले. ज्या घरी कोणास काचबिंदू असेल, त्या घरातील इतरांनी ही तपासणी टाळू नये, अशी आमची वाचकांस कळकळीची विनंती आहे.

रस्ता इगतपुरीस आला त्या वर्षी आमचे मेहुणे गेले. आम्ही आणि धाकटा पुतण्या आगगाडीने दहाव्या दिवशी पोहोचलो. अण्णा घरीच राहिले. आक्कांनी आम्हांस पाहताच प्रथम आमच्या पाठीमागे पाहिले आणि विचारले, ‘अण्णा नाही आला?’ आम्ही रस्त्याचे कारण सांगितले. त्या काहीच बोलल्या नाहीत.

यंदा श्रावणात त्यांचे पत्र आले. अक्षर त्यांचेच, वळणदार. पण ओळीवर ओळ चढलेली. एके ठिकाणी तर तीन ओळी एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की, आम्हांस भिंगाने वाचाव्या लागल्या. आक्कांनी लिहिले होते की, हे माझ्या हातचे शेवटचे पत्र, यापुढे नात लिहीत जाईल. अजून समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. तेवढ्यात अण्णाला एकदा आणून दाखव. त्यांनी ‘या’ असे न लिहिता ‘दाखव’ असे लिहिले होते. अण्णांनी ते पत्र आमच्याकडून दोनदा वाचून घेतले आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवले. दुसऱ्याच दिवसापासून आखणीस प्रारंभ झाला.

पहिला आराखडा थोरल्या पुतण्याने मांडला. तो कल्याणास नोकरीवर जातो आणि त्याचे सारे गणित मिनिटांचे. ‘काका, पहाटे चारला निघू, मुरबाडहून शहापूर, तेथे खुटघरजवळ महामार्गाला लागू. वेगाची मर्यादा ताशी १२० ची आहे. दुपारचा चहा आक्काआत्याकडे!’ आम्ही म्हटले, ‘अरे, मर्यादा म्हणजे आज्ञा नव्हे. इतका वेग धरलाच पाहिजे असे कोठे लिहिले आहे?’ तो हसला. पण पोरगा समजूतदार. अण्णांचे दर दोन तासांचे थांबणे, वहिनींचे गुडघे आणि चार तास पुरतील अशी औषधाची वेळापत्रके त्याच्यापुढे मांडताच त्याने स्वतःच आपला कागद फाडला.

दुसरा आराखडा अण्णांचा. त्यांचे म्हणणे असे की, नव्या रस्त्याची गरजच काय? आपल्या दारावरून माळशेजचा रस्ता जातो. टोकावडे, मग घाट, वर ओतूर, आळेफाटा, अहिल्यानगर आणि तेथून पुढे मराठवाडा. ‘नाणेघाट चढून पैठणला जाणाऱ्या तांड्यांचा हा मार्ग. सातवाहनांना पुरला, तो आपल्याला पुरणार नाही?’ यात अण्णांचा अभिमान होता आणि त्यास आधारही आहे. सोपारा व कल्याण या बंदरांतून उतरलेला माल आमच्याच मुरबाड तालुक्यातून वैशाखऱ्यास येऊन नाणेघाटाने जुन्नरास चढत असे व प्रतिष्ठानास म्हणजे पैठणास जात असे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणांची मोजदाद असून, आपल्या देशातील अंकलेखनाचे फार जुने नमुने त्यात सापडतात. माथ्यावर दगडी रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी समजूत आहे. धाकटा पुतण्या यावर म्हणाला, ‘म्हणजे अण्णा, फास्टॅग तुमचाच!’ त्या दिवशी अण्णा पत्र आल्यानंतर प्रथमच हसले.

परंतु या वाटेत दोष असा की, पावसाळ्याच्या अखेरीस माळशेजच्या दरडींचा भरवसा देता येत नाही, आणि वाटेत गावे, बाजार व वळणे फार. तीन दिवस लागते. त्यातूनही, अण्णांना ती वाट हवी होती ती सातवाहनांसाठी नव्हे, हे आम्हांस ठाऊक होते. लहानपणी वडिलांचे बोट धरून ते नाणेघाट चढून जुन्नरास गेले होते. वृद्धपणी माणूस वाट निवडतो ती बहुधा आपल्या पूर्वस्मृतींचीच.

तिसरा आराखडा आमचा; आणि त्याविषयी आता आम्हांस थोडी लाज वाटते, म्हणून सविस्तर सांगतो.

आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविले. ‘मेघदूत’ किती वेळा शिकविले याची गणती नाही. वस्तुतः ते काव्य म्हणजे प्रवासाची आखणीच होय. रामगिरीवर अडकलेला यक्ष आषाढातील मेघास अलकेपर्यंतची वाट समजावून सांगतो. कोठे विसावा घ्यावा, कोणत्या नदीचे पाणी प्यावे, कोणते नगर पाहावे, हे सर्व त्यात आहे. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेकच, असे मत साधार मांडले. त्या रामटेकास १९९७ साली कालिदासाच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालयही स्थापन झाले. आम्ही मात्र रामटेक कधी पाहिले नाही. तेव्हा नागपूरची गोष्ट निघताच आमच्या मनात जो मेघ दाटला, त्याचा वर्षाव कागदावर झाला. पहिल्या दिवशी माळीवाड्याजवळ महामार्ग सोडून देवगिरी व वेरूळ, घृष्णेश्वराचे दर्शन. दुसऱ्या दिवशी जिजाऊसाहेबांचे जन्मस्थान सिंदखेड राजा आणि तेथून आत लोणार, कारण काळ्या पाषाणात उल्केच्या आघाताने झालेले ते सरोवर पाहिल्यावाचून विदर्भात शिरणे आम्हांस अरसिकपणाचे वाटले. तिसऱ्या दिवशी कारंजा, श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. चौथ्या दिवशी रामटेक आणि मग नागपूर. हा आराखडा आम्ही सुवाच्य अक्षरांत लिहून, अंतरे तांबड्या शाईने मांडून, ओसरीवर वाचून दाखविला.

सर्वांनी माना डोलाविल्या. वडीलधाऱ्याच्या हौसेस कोण आडवे येणार? फक्त सूनबाई चहाचे पेले उचलता उचलता म्हणाल्या, ‘काका, यात आक्काआत्या चौथ्या दिवशी, तेही रामटेकनंतर येतात.’

एवढेच. परंतु त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. मेघदूतात यक्ष मेघास सांगतो की, वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्यावाचून जाऊ नकोस. त्या स्थळी आम्ही वर्गात थांबत असू व मुलांस सांगत असू की, पाहा, विरहातही कवीची रसिकता कशी जागृत आहे! आणि त्याच काव्याच्या उत्तरार्धात यक्षाची पत्नी उंबऱ्यावर फुले मांडून उरलेले महिने मोजीत बसली आहे, तेही आम्ही शिकविले होते. परंतु या दोन गोष्टी आम्ही कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मेघ उज्जयिनीच्या सौधांवर रेंगाळत असता अलकेत एक फूल आणखी ठेवले जात होते. आमच्या तांबड्या शाईतील प्रत्येक वळणाचा हिशेब महालातील त्या घरी कोणाच्या तरी डोळ्यांनी चुकता व्हावयाचा होता. पहाटे उठून आम्ही तो कागद देवघरातील वातीसाठी वापरण्यास दिला.

आमच्या अल्पमतीस यावरून एक नियम सुचला, तो असा. ज्या प्रवासाच्या शेवटी कोणी वाट पाहत आहे, त्याची आखणी वाट पाहणाऱ्यापासून आरंभावी, निघणाऱ्यापासून नव्हे. जाताना सरळ जावे. हौस असेल ती परतताना फेडावी. त्याप्रमाणे पुढील आखणी चटकन झाली. जाताना नवा रस्ता, वाटेत एकच मुक्काम, तो जालन्यास, म्हणजे सुमारे मध्यावर. दोन्ही दिवशी सूर्योदयानंतर निघावयाचे व सूर्यास्तापूर्वी थांबावयाचे. परतताना मात्र घाई नाही. तेव्हा कारंजा, मग पैठणास नाथांची समाधी, आणि तेथून अण्णांची जुनी वाट, अहिल्यानगर, आळेफाटा, माळशेज. प्रतिष्ठानाहून मालाचे बैल जसे कोकणात उतरत, तसेच आम्ही घरी उतरू. तोवर पाऊस सरलेला असेल. अण्णांना हे इतके पटले की, ‘मी हेच म्हणत होतो’, असे ते म्हणाले. वडिलांचा तो अधिकारच आहे. रामटेकचे काय, ते आक्का ठरवितील. नागपूरहून ते फार तर दीड तासाच्या वाटेवर आहे. त्या येतो म्हणाल्या तर त्यांचा हात धरून नेऊ.

एक भय मात्र घरात होते. कोणी उघड बोलत नव्हते. १ जुलै २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर सिंदखेड राजाजवळ एक बस उलटून पेटली आणि पंचवीस जीव गेले. त्यानंतर महिना झाला नाही तोच, ३१ जुलैच्या मध्यरात्रीच्या सुमारास, आमच्या शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे पुलाचे काम चालू असता तुळया उचलणारे प्रचंड यंत्र कोसळले आणि वीस माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुतेक पोटासाठी दूरदेशांहून आलेली. सूनबाईंच्या माहेरी तो हाहाकार सर्वांनी जवळून ऐकला. त्यांचे वडील म्हणाले ते आमच्या लक्षात राहिले आहे : ‘आपल्याला नागपूर जवळ आले, त्यांना त्यांचे गाव कायमचे दूर झाले.’ शेकडो गावांच्या जमिनी या रस्त्याखाली गेल्या आणि मजुरांचे प्राणही गेले. आज इगतपुरी व कसारा यांच्यामधील सुमारे आठ किलोमीटरांच्या जोडबोगद्यातून मोटार काही मिनिटांत घाट ओलांडते. पूर्वी याच सह्याद्रीत थळघाटातून १८६५ साली लोहमार्ग नेण्यात आला, तोही अशाच अनामिकांच्या श्रमांनी. सरळांब्याच्या परिसरातून जाताना गाडीत कोणी गाणे लावू नये व सर्वांनी हात जोडावे, असे सूनबाईंनी सुचविले. ते आखणीत लिहिले आहे.

भय असले म्हणजे घरी बसणे हा एक उपाय आणि तयारी करणे हा दुसरा. आम्ही तीन वर्षे पहिला उपाय करून पाहिला होता. आता दुसऱ्याकडे वळलो. पुतण्यांनी जी माहिती मिळविली ती इतरांच्याही उपयोगी पडेल म्हणून देतो. असा सरळ, एकसुरी रस्ता चालकाचे डोळे उघडे असताही त्याचे मन निजवितो; म्हणून दोन चालक हवेत आणि प्रत्येकाने दोन तासांच्या आत जागा बदलावी. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर वेगाने धावताना जुने टायर फुटतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. आमच्या गाडीचे दोन टायर या आकड्यांवरून म्हातारे ठरले व बदलले गेले. टायरमधील हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा. या बाबतीत वहिनींनी प्रथम पुष्कळ कुरकुर केली, परंतु नातीने बांधून देताच त्या गप्प झाल्या. गाडी बिघडल्यास रस्त्यावर उभे न राहता कठड्यापलीकडे जावे. मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे आकडे आम्ही मोठ्या अक्षरांत लिहून पुढील काचेजवळ लाविले आहेत.

औषधे सामानात न ठेवता हाताशी ठेवावयाची. शिदोरीस दशम्या, मेतकूट-भात व ताकाची बाटली. तळकट काही नाही, कारण जड जेवण हे चालकाचे शत्रू. पाण्याचे दोन मोठे कॅन सूनबाईंच्या आग्रहावरून घेतले. ‘एवढे पाणी कशाला?’ असे धाकट्याने विचारताच त्या म्हणाल्या, ‘मी शहापूरची आहे.’ तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईस पुरविणाऱ्या त्या तालुक्यात उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. पाण्याची किंमत तिच्यापेक्षा कोणास अधिक कळणार?

घरच्या देवांची पूजा चुकू नये म्हणून कोणी तरी मागे राहणे प्राप्त होते. आमच्या सौभाग्यवती आपण होऊन राहिल्या. ‘आक्कांना माझा नमस्कार सांगा. माझे डोळे शाबूत आहेत, मी पुढच्या खेपेला जाईन’, असे त्या म्हणाल्या. एकत्र कुटुंब चालते ते असल्या वाक्यांवर, आमच्यासारख्यांच्या व्याख्यानांवर नव्हे.

सर्व सिद्ध झाले आणि शेवटचा फाटा फुटला तो पंचांगाचा. पुतण्याची रजा शनिवारपासून. नागपूर पूर्वेस, आणि सोमवारी व शनिवारी पूर्वेस दिशाशूल! अण्णा म्हणाले, ‘शनिवारी मी उंबरा ओलांडणार नाही. रविवारी निघू.’ पुतण्याने रजेचे दिवस बोटांवर मोजले आणि तोंड पाडले. ‘रविवार नको, पुढचा आठवडा, पुढचा नको, दिवाळीनंतर’ अशी ती तीन वर्षांची जुनी गाडी पुन्हा त्याच चाकोरीत शिरते की काय, असे भय आम्हांस वाटले.

तेव्हा आमच्या उपयोगी पडले ते शास्त्रच. आम्ही म्हटले, ‘अण्णा, प्रस्थान ठेवू.’

तरुण वाचकांस ही चाल ठाऊक नसेल म्हणून सांगतो. पूर्वी मुहूर्ताच्या वेळी प्रत्यक्ष निघणे शक्य नसले, तर जाणाराची एखादी वस्तू, वस्त्रात अक्षता, सुपारी, हळकुंड, नाणे असे बांधून, प्रवासाच्या दिशेकडील दुसऱ्या घरी नेऊन ठेवीत. त्यास प्रस्थान ठेवणे म्हणत. एकदा ते ठेवले की माणूस निघाला असे समजावयाचे. मग दोन-चार दिवसांनी सोयीने निघून, वाटेत ते उचलून पुढे जावे. शनिवारच्या आधी गुरुवारी दसरा येत होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आणि सीमोल्लंघनाचा दिवस! अण्णांचा चेहरा उजळला.

ही चाल पूर्वी आम्हांस केवळ ग्रहांची समजूत घालण्याची युक्ती वाटे. आता वाटते की, ज्याने ती काढली त्याने ग्रहांपेक्षा माणसांचा स्वभाव अधिक ओळखला होता. माणूस निघत नाही तो मुहूर्त नाही म्हणून नव्हे. रस्ता अजून पुरा व्हावयाचा आहे, पाऊस आहे, परीक्षा आहेत, थंडी आहे, अशी त्याची कारणे. वरसईच्या गोडसे भटजींची गोष्ट आठवावी. १८५७ साली ते बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील यज्ञाची दक्षिणा मिळावी म्हणून उत्तरेकडे निघाले आणि भर बंडात सापडले; झाशीचा वेढा त्यांनी आत राहून पाहिला. त्यांच्या आखणीतले फार थोडे घडले. परंतु ते निघाले म्हणून १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलेला ‘माझा प्रवास’ आज आपल्या हाती आहे. आखणी चुकली तरी प्रवास घडतो; आखणीच लांबली तर मात्र काहीच घडत नाही. म्हणून आपला एक भाग अगोदर उंबऱ्याबाहेर ठेवावा, म्हणजे उरलेला त्याच्या मागून जातो.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोने लुटून आल्यावर अण्णांनी आपल्या जुन्या उपरण्यात अक्षता, सुपारी, हळकुंड, एक जानवे व एक रुपया बांधला. मग थोडे थांबून खिशातील आक्कांचे पत्र काढले आणि तेही त्यात ठेवले. पूर्वेकडील आळीच्या टोकास आमचे एक जुने सहाध्यायी राहतात; त्यांच्या देवघरात ते नेऊन दिले. अण्णा काठी टेकीत स्वतः गेले. परत येताना आम्हांस म्हणाले, ‘आता मी घरी नाही बरे का. निघालो आहे.’

आज शुक्रवार. हा मजकूर आम्ही रात्री लिहीत आहोत. पिशव्या ओसरीवर रांगेने मांडल्या आहेत. नातीने त्यांवर आकडे चिकटविले आहेत, एकूण अकरा. धाकटा पुतण्या अंगणात गाडीच्या काचा पुशीत आहे. अण्णा आठ वाजताच निजले. एरवी त्यांस अकरापर्यंत झोप येत नाही. सायंकाळी नागपुरास दूरध्वनी केला, तेव्हा आक्कांच्या नातीने सांगितले की, आजीने आज सकाळपासून माजघरातील खुर्ची खिडकीसमोर सरकवून ठेविली आहे. तेथे उजेड चांगला येतो आणि समोर बसलेल्याचा चेहरा नीट दिसतो.

त्या खुर्चीवर परवा सायंकाळी अण्णा बसलेले असतील. लोणार व वेरूळ पुन्हा केव्हा तरी पाहू; कारंजा, पैठण व माळशेज यांची हकीकत पुढील अंकी. ज्या वाचकांच्या घरी ‘एकदा जाऊन यावयाचे आहे’ असे वाक्य वर्षानुवर्षे ओसरीवर पडून असेल, त्यांनी उद्याच कोणाच्या तरी देवघरात एक सुपारी ठेवावी, इतकेच आमचे मागणे आहे.